फोनवरच्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये पहिल्या तासातच टोळी का मरते?

तुमच्या प्रश्नात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, म्हणून आधी ते सोडवून मांडते. तुम्ही फोनवर ‘बाल्डर्स गेट’ या जुन्या व्हिडिओ गेमची सुधारित आवृत्ती, म्हणजे एन्हान्स्ड एडिशन, घेतली, मुख्य पात्र म्हणून मांत्रिक निवडला, आणि खेळ जिथे सुरू होतो त्या कँडलकीपमधून बाहेर पडल्यावर फ्रेंडली आर्म इन या सराईच्या पायऱ्यांवर उभा असलेला एकटा माणूस तुमच्या टोळीला दर वेळी संपवतो. तुमची साथीदार इमोएन हिच्या अंगावरचे चामड्याचे चिलखत काढल्यावर आर्मर क्लासचा, म्हणजे तिला वार लागणे किती अवघड ते सांगणारा, आकडा ४ वरून ६ झाला, म्हणून तुम्ही ते काढूनच ठेवले. लागोपाठ पाच वार हुकल्यावर गेम मुद्दाम वाईट फासे टाकतो असा तुम्हाला संशय आला. आणि डिफिकल्टी कमी करून खेळले तर तो खरा खेळ ठरतो का, असे तुम्ही शेवटी विचारले आहे.

थोडक्यात उत्तर असे की फासे प्रामाणिक आहेत, इमोएनला चिलखत आजच परत घाला आणि डिफिकल्टी निःसंकोच कमी करा. मात्र एवढ्यावर थांबले तर पुढच्या खिंडीत पुन्हा अडाल, कारण खरी अडचण वेगळी आहे. हा गेम मुळात डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळाचे नियम जसेच्या तसे घेऊन बनवलेला आहे. त्या टेबलावर नियमांइतकाच महत्त्वाचा असलेला एक माणूस, म्हणजे गोष्ट सांगणारा आणि शत्रूंच्या चाली ठरवणारा डंजन मास्टर, फोनमध्ये मात्र नाही. त्याची जी कामे गेम स्वतःहून करत नाही ती तुम्हाला करावी लागतात, आणि ती कोणती हे गेम कुठेही सांगत नाही.

मी पुण्यात बरीच वर्षे डंजन्स अँड ड्रॅगन्सचे टेबल चालवते. माझ्याकडे येणारे बहुतेक खेळाडू नवखे असतात. त्यातले अनेक जण २०२३ साली आलेल्या ‘बाल्डर्स गेट ३’चे कौतुक ऐकून मालिकेचा पहिला भाग फोनवर उघडतात आणि तुम्ही अडलात तिथेच अडतात. म्हणून पुढचे सगळे त्यांना जसे समजावते तसेच लिहिते आहे. काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील: तुमच्या हातात फोन आहे की टॅबलेट, एका बैठकीला तुम्हाला अर्धा तास मिळतो की दोन तास, आणि तुम्हाला गोष्ट हवी आहे की लढाईचे डावपेच. यांपैकी शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे आणि तिचा निर्णय फक्त तुम्हीच करू शकता.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी आणले. त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ शाखेची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली आणि १९९८ च्या डिसेंबरात बायोवेअरने केलेला ‘बाल्डर्स गेट’ या दुसऱ्या आवृत्तीवर उभा राहिला. तुम्ही खेळता ती बीमडॉगची सुधारित आवृत्ती २०१२ साली आधी संगणकावर व आयपॅडवर आली आणि २०१४ साली अँड्रॉइडवर. चित्रे, पडदा आणि बटणे बदलली, पण आतले नियम १९८९ चेच राहिले. ‘बाल्डर्स गेट ३’ मात्र पाचव्या आवृत्तीवर आधारलेला आहे. त्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलचे पात्र बरेच टणक असते, आणि आर्मर क्लास जितका मोठा तितका चांगला. तुमचा चिलखताचा गोंधळ इथूनच आला असणार. तुमच्या गेमच्या नियमांत आर्मर क्लास जितका लहान तितका चांगला. चिलखत नसलेल्या साध्या माणसाचा आकडा १० असतो आणि तिथून खाली येत शून्याच्या पलीकडे उणे आकड्यांतही जाता येते. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने ही दिशा उलटी केली, आणि आजचा नवखा खेळाडू ती उलटी झालेली दिशाच गृहीत धरून येतो.

आता आकडेमोड एकदा नीट पाहू, कारण ती समजली की पडद्यावर घडणारे निम्मे प्रकार गूढ राहत नाहीत. प्रत्येक वाराला गेम २० बाजूंचा एक फासा टाकतो. मारणाऱ्याचा थॅको नावाचा एक आकडा असतो. या थॅकोतून समोरच्याचा आर्मर क्लास वजा केला की जे उरते तेवढे किंवा त्याहून जास्त फाशावर पडले पाहिजे. पहिल्या लेव्हलला बहुतेक सर्वांचा थॅको २० असतो. म्हणजे इमोएन तिच्या चपळाईमुळे चिलखताविनाही आर्मर क्लास ६ वर उभी असेल, तर थॅको २० असलेल्या शत्रूला १४ किंवा जास्त पडायला हवे, आणि असे वीसपैकी ७ आकडे आहेत. शंभरात पस्तीस वार लागतील. चामड्याचे चिलखत घातल्यावर ती ४ वर येते, शत्रूला १६ लागतात, आणि हेच प्रमाण शंभरात पंचवीसवर उतरते. पुढे फायटर, म्हणजे समोरासमोर लढणारा योद्धा, मिळाला की त्याला साखळीचे चिलखत व ढाल द्या. साखळीचे चिलखत ५ देते, ढालीने ते ४ होते, आणि त्याची चपळाई चांगली असेल तर आकडा आणखी खाली येतो. आकडेमोड काहीही असली तरी २० हा नेहमी लागतो आणि १ हा नेहमी हुकतो, त्यामुळे कुणीच पूर्ण सुरक्षित नसतो. शस्त्राच्या जातीप्रमाणे, अंगच्या बळाप्रमाणे आणि कौशल्याप्रमाणे यात थोडेफार फेरफार होतात, पण सांगाडा हाच.

लागोपाठ पाच वार हुकण्याचा हिशेबही यातच आहे. तुमचा थॅको २० आणि शत्रूचा आर्मर क्लास ५ असेल, तर तुम्हाला १५ किंवा जास्त हवेत, म्हणजे लागण्याची शक्यता ३० टक्के आणि हुकण्याची ७० टक्के. ०.७ ला पाच वेळा गुणले की साधारण ०.१७ येते. याचा अर्थ असा की पाच-पाच वारांच्या दर सहा मालिकांतली एखादी मालिका पूर्ण कोरडी जाणार, आणि त्यात कुणाचीही लबाडी नाही. टेबलावर फासा आपल्या हाताने टाकलेला असतो, शेजारी बसलेल्या चौघांनी तो पाहिलेला असतो, म्हणून वाईट फासा आपण नशिबावर घालतो. फोनवर फासा दिसत नाही, म्हणून त्याचे खापर गेमवर फुटते. यावर उपाय आहे. ऑप्शन्समध्ये गेमप्ले आणि त्यात फीडबॅक असा भाग आहे. तिथे ‘टू हिट रोल्स’ सुरू करा. त्यानंतर खालच्या संदेशांच्या पट्टीत प्रत्येक वारासमोर फाशावर किती पडले, त्यात किती मिळवले आणि वार लागला की हुकला हे लिहून येते. एक संपूर्ण लढाई ती पट्टी वाचत खेळा. शत्रूलाही ३ आणि ५ पडताना दिसले की संशय आपोआप निवळतो, आणि त्याहून मोठा लाभ असा की कुणाचा वार लागण्याजोगा आहे आणि कुणी उगीच पुढे उभे आहे हे तुम्हाला स्वतः वाचता येऊ लागते.

आता डंजन मास्टरच्या रिकाम्या खुर्चीकडे येते, कारण तुमची टोळी तिच्या अभावी मरते आहे. पहिल्या लेव्हलच्या मांत्रिकाचा विचार करा. त्याला चार बाजूंच्या फाशाएवढे हिट पॉइंट्स मिळतात, म्हणजे तेवढी इजा सोसली की तो मरतो. गेम पहिल्या लेव्हलला पूर्ण ४ देतो, आणि तब्येतीचा आकडा फार चांगला असेल तर वर एक-दोन. लांब तलवारीच्या वाराने १ ते ८ इजा होते. म्हणजे लागलेल्या दर आठ वारांपैकी पाच वार ४ हिट पॉइंट्सच्या मांत्रिकाला जागीच ठार करतात. मुख्य पात्र मेले की खेळ तिथेच संपतो. नियम म्हणून पाहिले तर हे क्रूर आहे, आणि टेबलावरही नियम हेच होते. मग टेबलावर मांत्रिक जगत कसे होते? ते जगत होते, कारण पडद्याआड बसलेला माणूस त्यांना जगवत होता.

माझ्या टेबलावर नवखा खेळाडू मांत्रिक घेऊन येतो तेव्हा मी काय करते ते सांगते. पहिल्या चकमकीत शत्रू आधी फायटरवर धावून जातात. धनुष्यबाण असलेला शत्रू मी दूर ठेवते. लढाई हाताबाहेर जाते आहे असे दिसले तर एखादा शत्रू घाबरून पळतो किंवा बोलणी करू पाहतो. दार उघडण्याआधी मी विचारते, “नक्की उघडतोस? आतून आवाज येतोय.” पोरांच्या खेळात धाकट्या भावंडाला कच्चं लिंबू म्हणून घेतात, त्याला बाद करत नाहीत आणि तो खेळत मात्र सगळ्यांबरोबर असतो, नवख्या मांत्रिकाला पहिल्या दोन-तीन बैठका अगदी तशीच वागणूक मिळते, आणि बहुतेक वेळा त्याला ते कळतही नाही. फोनवरचा शत्रू मात्र समोर दिसेल त्याच्यावर चाल करून येतो. तो तुमची लेव्हल पाहून हात आखडता घेत नाही आणि दार उघडण्याआधी तुम्हाला थांबवतही नाही.

म्हणून थांबायचे काम आधी शिकून घ्या. हा गेम सतत चालू असतो, एक राउंड सहा सेकंदांचा असतो, आणि हवा तेव्हा तो थांबवून सर्वांना आज्ञा देता येतात. संगणकावर स्पेसबार सहज दाबला जातो. फोनवर अंगठा बटणापर्यंत पोहोचेस्तोवर मोक्याचे क्षण निघून जातात. ऑप्शन्समध्ये ऑटो-पॉज आहे, त्यात शत्रू दिसल्यावर, पात्र जखमी झाल्यावर, लक्ष्य मेल्यावर आणि शस्त्र निरुपयोगी झाल्यावर थांबण्याची सोय सुरू करा. फोन असेल तर राउंड संपल्यावर थांबण्याची सोयही सुरू करावी असे माझे मत आहे. खेळ संथ होतो हे खरे, पण टेबलावरच्या खेळाची गती अशीच असते: सगळे थांबतात, प्रत्येक जण आपण काय करतो ते सांगतो, मग फासे पडतात. टॅबलेटवर खेळणाऱ्यांना हे दर राउंडचे थांबणे कदाचित कंटाळवाणे वाटेल. त्यांनी पहिल्या चार सोयींवर भागवावे.

लहान पडद्याचा दुसरा त्रास म्हणजे बोट चुकीच्या जागी पडणे. शत्रूवर टेकवलेले बोट अर्धा सेंटिमीटर बाजूला पडले तर गेम त्याला जमिनीवर चालण्याची आज्ञा समजतो आणि तुमचा ४ हिट पॉइंट्सचा मांत्रिक शांतपणे शत्रूंच्या घोळक्यात चालत जातो. थांबलेल्या अवस्थेत दोन बोटांनी चित्र मोठे करून मगच लक्ष्य निवडा. टोळी आपोआप लढण्याची जी सोय आहे ती निदान मांत्रिकापुरती बंद ठेवा. आणि फोन हा शेवटी फोन आहे: कॉल येतो, गेम मागे जातो, आणि मेमरी कमी पडली की अँड्रॉइड तो बंद करून टाकतो. नव्या भागात शिरताना गेम आपोआप सेव्ह होतो, पण त्यावर विसंबू नका. अनोळखी माणसाशी बोलण्याआधी, दार उघडण्याआधी आणि झोपण्याआधी हाताने सेव्ह करा. टेबलावर माझे “नक्की उघडतोस?” जे काम करते ते इथे या सेव्हने करायचे आहे.

आता त्या पायऱ्यांवरच्या माणसाकडे. त्याचे नाव टार्नेश. तो भाडोत्री मारेकरी आहे, मांत्रिक आहे आणि तुमच्याच शोधात आहे. तुम्ही पायऱ्यांजवळ गेलात की तो बोलायला येतो आणि बोलणे संपताच मंत्र सुरू करतो. आधी स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करतो, त्यामुळे वार त्या प्रतिमांवर वाया जातात. मग हॉरर हा मंत्र टाकतो, त्याने तुमची माणसे घाबरून सैरावैरा पळू लागतात आणि तुमच्या आज्ञा ऐकत नाहीत. मग त्याचे कधीही न चुकणारे मॅजिक मिसाइल, म्हणजे जादूचे बाण. तुम्ही लिहिल्यावरून तुम्ही दोघेच, म्हणजे तुमचा मांत्रिक आणि इमोएन, एकमेकांना चिकटून पायऱ्या चढता आणि जवळ जाऊन मारायला लागता. तीन गोष्टी बदला.

पहिली गोष्ट, या गेममध्ये मंत्र म्हणत असलेल्याला जराही इजा झाली की तो मंत्र तुटतो. म्हणून पहिल्या राउंडला इजा किती होते याला महत्त्व नाही, ती लवकर होण्याला आहे. इमोएन टोळीत येते तेव्हा तिच्या सामानात मॅजिक मिसाइलची एक कांडी असते. ती तुमच्या मांत्रिकाच्या झटपट वापराच्या खणात ठेवा. तिचा नेम चुकत नाही. बोलणे संपताच गेम थांबवा, मांत्रिकाने कांडी चालवावी आणि इमोएनने धनुष्य. धनुष्याने एका राउंडला दोन बाण सुटतात, त्यामुळे मंत्र तुटण्याची संधीही दुप्पट होते. दुसरी गोष्ट, हॉररचा परिणाम एका वर्तुळातल्या सर्वांवर होतो, म्हणून दोघांत बरेच अंतर ठेवा. एक घाबरला तरी दुसरा उभा राहील. तिसरी गोष्ट, या लढाईला दोघेच जाण्याची सक्ती नाही. वाटेत झार आणि मॉन्टरॉन ही जोडगोळी भेटते. माणसे वाईट आहेत, पण दोन जादा अंगे आणि एक जादा मंत्र मिळतो. पुढे सराईच्या आत तुमची वाट पाहणाऱ्या खालिद आणि जाहीरा या साथीदार जोडप्याशी त्यांचे पटत नाही आणि प्रकरण हातघाईवर येऊ शकते, एवढे लक्षात असू द्या. एवढे करूनही डाव फिसकटू लागला तर मुख्य पात्राने सरळ सराईच्या दारातून आत जावे, खालिद-जाहीराला सोबत घ्यावे आणि मग बाहेर यावे. नियमांत बसणारी ही माघार आहे आणि टेबलावर मी तिच्यासाठी खेळाडूचे कौतुक करते.

तुमच्या मांत्रिकाने पहिला मंत्र कोणता घेतला ते तुम्ही लिहिलेले नाही. शत्रूंना झोपवणारा स्लीप घेतला नसेल तर तो मिळवा. पहिल्या लेव्हलला साध्या मांत्रिकाला दिवसाला एकच मंत्र टाकता येतो, आणि त्या एका मंत्राने लढाई फिरवणारा स्लीपइतका उपयोगी दुसरा मंत्र या टप्प्यावर नाही. कमी लेव्हलचे शत्रू घोळक्याने झोपतात आणि झोपलेल्यावरचा वार हुकत नाही. भूतप्रेतांवर तो चालत नाही, आणि एल्फ जातीचे लोक त्याला बहुधा दाद देत नाहीत. बेरेगॉस्ट या गावाच्या पश्चिमेला हाय हेज नावाची जागा आहे. तिथला थॅलँटिर मंत्रांच्या गुंडाळ्या विकतो. वाटेत सांगाडे असतात, तेव्हा एकट्याने जाऊ नका. मंत्र संपल्यावर मांत्रिकाने हातात गोफण किंवा डार्ट घेऊन मागे उभे राहावे. दुसऱ्या लेव्हलसाठी मांत्रिकाला २५०० अनुभव-गुण लागतात, तर थीफला, म्हणजे चोराला, १२५० पुरतात, त्यामुळे थीफ असलेली इमोएन तुमच्या पुढे जाते आहे म्हणून काळजी करू नका.

आणखी एक बाब आधीच सांगून ठेवते, कारण पुढच्या आठवड्यात तुम्ही तीच विचाराल. लढता लढता तुमची तलवार तुटेल. हा प्रकार गेममधला बिघाड म्हणून मला अनेकांनी दाखवला आहे. प्रत्यक्षात तो कथेचा कणा आहे. या भागात लोखंडाचे संकट चालू आहे, खाणीतून निघणारे लोखंड ठिसूळ होते आहे, आणि त्यामुळे साधी शस्त्रे वापरात मोडतात. टेबलावर हे मी पहिल्या तुटलेल्या तलवारीबरोबर सांगितले असते: पाते मधोमध दुभंगले आहे, आत करडी भुकटी दिसते आहे, लोहार मान हलवतो आहे. गेम हेच सराईतल्या गिऱ्हाइकांच्या आणि रस्त्यावरच्या लोकांच्या तोंडून सांगतो, आणि ते संवाद न वाचता पुढे गेले की उरतो फक्त तुटलेल्या तलवारीचा संताप. तेव्हा सराईत शिरल्यावर दोन-चार टेबलांवर बोला आणि प्रत्येक लढवय्याजवळ एक जादा शस्त्र ठेवा. अक्षरे फार बारीक वाटत असतील तर सेटिंगमध्ये अक्षरांचा आकार वाढवता येतो. न वाचता खेळण्यासारखा हा गेम नाही, आणि फोनवर वाचनाचा कंटाळा येत असेल तर दुसरा गेम निवडणे अधिक चांगले.

असा दुसरा गेम विचाराल तर ‘नाइट्स ऑफ पेन अँड पेपर’ पाहा. ब्राझीलच्या बिहोल्ड स्टुडिओजने तो बनवला आहे आणि त्यात टेबलाभोवती बसलेले खेळाडू व समोर बसलेला डंजन मास्टर असे चित्रच पडद्यावर असते. त्यात लढाई सुरू करताना समोर किती शत्रू घ्यायचे हे तुम्हीच ठरवता, म्हणजे ज्या खुर्चीबद्दल मी इतके लिहिले तिच्यात तो गेम तुम्हाला उघडपणे बसवतो. दहा-पंधरा मिनिटांच्या बैठकांना तो सोयीचा आहे. कथेची खोली मात्र ‘बाल्डर्स गेट’ची नाही.

आता डिफिकल्टी. तुमच्या प्रश्नातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात थोडी शरम मिसळलेली आहे आणि ती पूर्णपणे अनाठायी आहे. कोअर रूल्स ही पातळी टेबलावरच्या छापील नियमांच्या सर्वांत जवळची आहे, म्हणून अनेक जण तीच खरी मानतात. मी टेबलामागे बसलेली असते, म्हणून ठामपणे सांगते की छापील नियम कुठल्याही मदतीशिवाय नवख्यांवर लादणारे टेबल मी चालवत नाही आणि माझ्या माहितीतला कुणीही चांगला डंजन मास्टर चालवत नाही. आकड्यांशी आम्ही सतत जुळवाजुळव करत असतो, फक्त ती खेळाडूला दिसत नाही. गेमने ते काम एका सरकपट्टीत घालून तुमच्या हाती दिले आहे. ईझीवर तुमच्या पात्रांना होणारी इजा कमी होते. स्टोरी मोडमध्ये पात्रे मरतच नाहीत. तुम्हाला लढाईचे डावपेच आवडत असतील तर टार्नेशपर्यंत ईझी ठेवा आणि खालिद-जाहीरा मिळाल्यावर नॉर्मलवर या. कोअर रूल्स तिसऱ्या-चौथ्या लेव्हलनंतर आजमावा, तेव्हा एका वाराने कुणी मरत नाही आणि चुकीला दुरुस्तीची संधी मिळते. तुम्हाला गोष्टच हवी असेल तर स्टोरी मोडमध्ये संपूर्ण खेळ खेळा. पातळी मध्येच कितीही वेळा बदलता येते आणि बदलावीच. अवघड लढाईत खाली आणणे आणि सहज जिंकू लागल्यावर वर नेणे हेच डंजन मास्टरचे काम आहे.

जिथे मी हात सैल सोडू नका असे सांगेन अशी एकच जागा आहे. एखादा साथीदार मेला की लगेच जुना सेव्ह उघडण्याचा मोह आवरा. मुख्य पात्र मेले तर इलाजच नाही, पण साथीदाराला बहुतेक वेळा देवळात पैसे देऊन जिवंत करता येते, आणि असे एक देऊळ फ्रेंडली आर्मच्या आवारातच आहे. मेलेल्या मित्राचे सामान वाटून घेत, जखमी अवस्थेत देवळापर्यंत पोहोचण्याचा तो प्रवास कुणी लिहिलेला नसतो. तो तुमच्या खेळातून तयार होतो. माझ्या टेबलावरच्या लोकांना वर्षांनंतर असेच प्रवास आठवतात, जिंकलेल्या लढाया फारशा आठवत नाहीत. पात्र बनवताना चांगले आकडे पडेपर्यंत अर्धा-अर्धा तास फासे पुन्हा टाकत बसण्याबद्दलही हेच. बरे आकडे आले की निघा.

टार्नेशनंतर तुमचा रस्ता दक्षिणेला खाणींच्या नॅशकेल गावाकडे जातो, आणि जाहीरा-खालिद तिकडेच जायचा आग्रह धरतील. वाटेत बेरेगॉस्टला थांबून फायटरसाठी जड चिलखत आणि ढाली घ्या. आर्मर क्लासचा आकडा किती खाली आला ते प्रत्येक वस्तूनंतर पाहत जा. सराईत झोपलात तर रात्री हल्ला होत नाही, उघड्यावर झोपलात तर होऊ शकतो, म्हणून मांत्रिकाचा मंत्र संपला असेल तर शहर गाठूनच झोपा. नॅशकेलला मिन्स्क हा लढवय्या भेटेल. त्याला सोबत घेतलेत तर त्याची कैदेतली सोबतीण डायनाहेर हिची सुटका फार लांबवू नका, नाही तर तो चिडतो. नॅशकेलच्या खाणीत खालच्या मजल्यांवर कोबोल्ड नावाचे ठेंगणे राक्षस पेटते बाण मारतात. तिथे अरुंद वाटेत ढालवाला फायटर पुढे, स्लीपवाला तुमचा मांत्रिक त्याच्या मागे, आणि सापळे शोधण्यासाठी इमोएन सर्वांच्या पुढे दबकत, अशी रचना ठेवा, आणि सापळा सापडल्यावर थांबण्याचा ऑटो-पॉज सुरू करायला विसरू नका. तिथेही अडलात तर तुमच्या सहा जणांचे आर्मर क्लास, हिट पॉइंट्स आणि ‘टू हिट रोल्स’च्या पट्टीतल्या एका लढाईच्या ओळी इथे लिहा, कुणाला कुठे उभे करायचे ते त्या ओळींवरून सांगता येईल.